धरणाच्या पोटातली पाण्याची रेघ



आपल्याकडच्या पुष्कळ उसाचे पाणी पाझर तलाव, शेततळी आणि मातीच्या लहान धरणांवर अवलंबून आहे. सभासदांची मुले-मुली आता स्थापत्य शिकून येतात आणि धरण टिकेल की नाही हे संगणक सांगतो, असे घरी सांगतात. सांगतो, हे खरे. पण त्याला काय पुरवायचे, हे शिकावे लागते. त्याविषयी चार शब्द.

मातीचे कोणतेही धरण पाणी पुरते अडवीत नाही. पाणी भरावात शिरते आणि हळूहळू खालच्या अंगाला उतरते. भरावातील चिंब माती आणि तिच्यावरची कोरडी माती यांच्या सीमेला पाझर-रेषा म्हणतात. ही रेघ पायथ्याच्या निचरा-चरीत उतरली तर ठीक. उतारावर मध्येच बाहेर पडली तर तेथली माती सुटू लागते. मातीतून पाणी किती झिरपते याचा नियम फ्रान्समधील दिजों शहराचे इंजिनिअर हेन्री डार्सी यांनी १८५६ साली मांडला. आजचे प्रोग्रॅमही त्यावरच चालतात.

कॅनडात तयार झालेला 'जिओस्टुडिओ' हा त्यांपैकी एक. त्याचा 'सीप' हा भाग पाझर-रेषा काढतो आणि 'स्लोप' हा भाग ती रेषा घेऊन उतार घसरेल का ते पाहतो. पडद्यावर धरणाचा उभा छेद काढायचा, काळ्या मातीचा गाभा, बाहेरचा मुरूम आणि खालचा खडक वेगळे दाखवायचे, प्रत्येकाचे वजन, चिकटपणा, घर्षणकोन आणि पाझर भरायचा. मग प्रोग्रॅम घसरणीच्या शेकडो वाटा तपासून सर्वांत कमजोर वाट शोधतो. माती धरून ठेवणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागले की सुरक्षा-गुणांक मिळतो. तो १ म्हणजे धरण काठावर. तलाव भरून पाझर स्थिर झाल्यावर तो १.५ असावा, असा दंडक आहे.

चित्र काढणे चार दिवसांत जमते. घोडे अडते ते आकड्यांपाशी. चिकण माती आणि वाळू यांच्या पाझरात लाखपटीचा फरक असतो. नमुना न तपासता कुठला तरी आकडा टाकला तरी मशीन कुरकुरत नाही, रंगीत चित्र तितकेच झकास येते. आम्हांला धास्ती आहे ती याच चित्राची.

म्हणून शिकणाऱ्याने आधी कागदावर एक हिशेब करावा. चिकटपणा नसलेला मुरूम घ्या, घर्षणकोन ३७ अंश, उतार दोनास एक. कोरडा असताना गुणांक १.५ येतो. तोच उतार वरपर्यंत भिजून पाणी उताराला समांतर वाहू लागले, तर गुणांक सुमारे निम्मा, म्हणजे पाऊणच्या आसपास! माती तीच, उतार तोच. फक्त पाण्याची रेघ वर आली. प्रोग्रॅमने हेच उत्तर दिले, तर पुढे जावे.

आपल्या मोटारींचाही येथे संबंध आहे. तलाव झपाट्याने उपसला की आतल्या उताराला टेकणारे पाणी जाते, पण काळ्या मातीतले पाणी इतक्या लवकर निघत नाही. अशा वेळी आतला उतार तलावात बसतो. हे तपासायचे तर पातळी दिवसाला किती उतरते ते प्रोग्रॅमला सांगावे लागते, आणि ते मोटार चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

छेदात न दिसणारे दुखणे वेगळेच. घुशींची बिळे, झाडांची मुळे, विमोचकाच्या नळालगतची पोकळी आपण काढून दाखवली नाही, तर प्रोग्रॅमच्या लेखी ती नाहीच. अमेरिकेतील टेटन धरण तीनशे फूट उंच होते. ५ जून १९७६ रोजी सकाळी त्यातून गढूळ पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या आत ते फुटले. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, माणसे वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हा सांगण्यात आले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

तलावाच्या पायथ्याचा पाझर दर महिन्याला मोजून ठेवावा. बादली किती सेकंदांत भरली, एवढे वहीत लिहिले तरी पुरे. प्रोग्रॅमचे उत्तर पुढे त्याच्याशीच ताडून बघता येते. पाझर गढूळ झाला तर मात्र संगणकाची वाट न बघता त्याच घटकेला जलसंधारण किंवा पाटबंधारे कार्यालयाला कळवावे आणि खालची वस्ती उठवावी.