आईचा मोगरा कसा जगवला

मोगरा तुम्हां सर्वांना माहीत आहे. त्याची फुलं पांढरीशुभ्र असतात आणि वास फार गोड असतो. आमच्या घरचा आहे तो बटमोगरा. त्याचं फूल बटणासारखं गोल आणि गच्च पाकळ्यांचं असतं. गुरुजींनी सांगितलं, की फिलिपाईन्स देशाने १९३४ साली मोगऱ्याला आपलं राष्ट्रीय फूल केलं. तिकडं त्याला संपागिता म्हणतात. चीन देशात तर चहाच्या पत्तीला मोगऱ्याचा वास लावतात. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चहाला आलं घालावं, फूल कशाला?"

मोगरा जमिनीत लावतात तसा डब्यातही लावतात. पण डब्यातलं झाड जमिनीतल्या झाडासारखं नसतं. जमिनीतलं झाड मुळं लांब लांब पाठवून पाणी शोधतं. डब्यातल्या मुळांना चारी बाजूंनी पत्राच लागतो. पाणी घालणारं माणूस घरात नसलं की ते झाड वाळतं.

आमच्याकडं असंच झालं. आमचा जिल्हा बीड. दिवाळी झाली की आमच्या गावातली पुष्कळ माणसं ऊसतोडीला जातात. माझे आई आणि अण्णाही जातात. मागल्या साली मीही त्यांच्याबरोबर कोपीवर होते. आजी चुलत्यांच्या वस्तीवर होती. घराला कुलूप. ओट्यावरचा आईचा मोगरा पाच महिने तसाच होता. हा मोगरा आईने तिच्या माहेरून फांदी आणून तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलेला. मी जन्मायच्या आधीपासूनचा आहे. आम्ही परत आलो तेव्हा डब्यात नुसत्या काटक्या होत्या. पावसाळ्यात दोनचार पानं फुटली, पण फूल एकही आलं नाही. यंदा निघताना आई आजीला म्हणाली, "आत्याबाई, तो डबा भंगारात देऊन टाका." असं म्हणाली खरी, पण ट्रॅक्टरमध्ये बसायच्या आधी तिने डब्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते मी पाहिलं. यंदा शाळा बुडू नये म्हणून मी आजीजवळ राहिले आहे. म्हणून डबा भंगारात द्यायचा नाही असं मी ठरवलं.

आधी झाड मेलंय की जिवंत आहे ते बघावं लागतं. पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही. पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पाणी मिळेना झालं की झाड पानं टाकून देतं आणि स्वतःला वाचवतं. आमच्या गावच्या देवळामागं गुरवकाकांचे मोगऱ्याचे ताटवे आहेत. त्यांनी मला खूण सांगितली. फांदीची साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं आणि फांदी कटकन मोडली तर ती मेली. मी शेंड्याकडून खरवडत खाली आले. वर सगळं कोरडं होतं. खाली बुडाजवळ चार फांद्या हिरव्या निघाल्या. मला इतका आनंद झाला की मी आजीला हाका मारल्या. आजी म्हणाली, "चार म्हणजे लई झाल्या."

मोगरा छाटायची वेळ थंडीत असते. संक्रांत झाल्यावर एका रविवारी आम्ही तो छाटला. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या लाकडावर येत नाही. म्हणून छाटल्याशिवाय फुलं भरपूर येत नाहीत. मेलेल्या फांद्या बुडातून काढल्या. जिवंत फांद्या वीतभर ठेवल्या. जिथे पान फुटतं त्याला डोळा म्हणतात. त्या डोळ्याच्या थोडं वर तिरकं कापायचं. कात्रीला धार पाहिजे, नाहीतर फांदी चेंगरते. छाटल्यावर झाड इतकं बुटकं दिसायला लागलं की शेजारची मुलं म्हणाली, "हिनं तर संपवलंच त्याला!" मी काही बोलले नाही.

मग डब्यातून झाड बाहेर काढलं. हे काम सगळ्यांत अवघड. आदल्या दिवशी पाणी घालून ठेवलं होतं तरी निघेना. पत्रा गंजलेला होता. शेवटी आजीने विळ्याने तो एका बाजूने फाडला. आत पाहिलं तर मातीपेक्षा मुळंच जास्त! सगळी मुळं पत्र्याला चिकटून गोल गोल फिरलेली, सुतळीच्या गुंडीसारखी. मधली माती दगडासारखी घट्ट. आमची माती काळी आहे. कपाशीला ती चांगली, पण डब्यात एकटी चालत नाही. ओली असली की चिकटून बसते, पाणी लवकर खाली जाऊ देत नाही. वाळली की भेगा पडतात, मग घातलेलं पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. नुसतं पाणी घालत राहिले असते तर उपयोग झाला नसता, हे मला तेव्हा कळलं.

बाहेरची गुंतलेली मुळं विळ्याने थोडी कापली. मुळं कापली तर झाड मरत नाही का, असं मी विचारलं. गुरवकाका म्हणाले, "वर फांद्या कमी केल्यात ना, मग खाली तेवढी मुळं पुरतात. नवीन पांढरी मुळं फुटतील." नवीन घर म्हणून आमची एक चिरलेली बादली घेतली. आजीने चुलीत सळई तापवून तिच्या बुडाला पाच भोकं पाडली. भोकं नसली तर पाणी साचून मुळं कुजतात. भोकांवर कौलाचे तुकडे ठेवले, म्हणजे पाणी जातं पण माती जात नाही. माती अशी केली : दोन घमेली शेतातली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं कुजलेलं शेणखत. शेणखत जुनंच पाहिजे. ताजं शेण गरम पडतं आणि मुळं जळतात.

लावल्यावर बादली आठ दिवस सावलीत ठेवली. नंतर ओट्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात ठेवली. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत पानं येतात, पण फुलं फारशी येत नाहीत. आमच्या गल्लीत शेळ्या आहेत, म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. एक शेळी तरीसुद्धा रोज येऊन बघून जाते.

पाणी किती घालायचं? मातीत बोट दोन पेरं खुपसायचं. बोटाला ओल लागली तर पाणी घालायचं नाही. कोरडं लागलं तर खालच्या भोकांतून निघेपर्यंत घालायचं. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. मी डाळतांदूळ धुतलेलं पाणी घालते. साबणाचं पाणी मात्र घालू नये.

वीस-बावीस दिवस काहीच झालं नाही. मी शाळेत जाताना आणि येताना बघायची. मग एका सकाळी डोळ्यांतून मोहरीएवढे हिरवे कोंब दिसले. आजीला बारीक दिसत नाही, म्हणून मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटी काही पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच होत्या. याला आमच्याकडं केवडा म्हणतात. पाणी जास्त झालं किंवा मातीत चुनखडी जास्त असली की मुळांना लोह घेता येत नाही, मग असं होतं. मी पाणी कमी केलं आणि वरची माती खुरप्याने मोकळी केली. पुढची पानं हिरवी आली.

कधी कधी पानाखाली बारीक जाळं दिसतं. ते लाल कोळ्याचं असतं. हा कोळी डोळ्यांना नीट दिसतही नाही, इतका लहान. कोरड्या हवेत तो फार वाढतो. पानाची खालची बाजू पाण्याने धुवायची. निंबोळीचा अर्कही फवारतात. आमच्या झाडाला दोन पानांवर झाला होता, तो नुसत्या पाण्याने गेला.

आता पाडवा झाला आहे. काल मी कळ्या मोजल्या, अकरा आहेत. आजी म्हणते पहिलं फूल देवाला. मी म्हणते आईला. मोगऱ्याची कळी संध्याकाळी फुगते आणि रात्री उमलते, दुसऱ्या दिवशी उन्हात मलूल होते. म्हणून कुणासाठी ठेवून देता येत नाही. पण सगळ्या कळ्या एकदम उमलत नाहीत आणि उन्हाळाभर नवीन येत राहतात. फोनवर मी आईला काही सांगितलं नाही. कारखान्याचा पट्टा कधी पडणार एवढंच विचारलं. ती म्हणाली, "आठ-दहा दिवस. का गं?" मी म्हटलं, "काही नाही, असंच." सर्वांत लहान कळी अजून ज्वारीच्या दाण्याएवढी आहे.