तरंगणारी मुलगी आणि लिंकनचं भूत

‘मिस पेरेग्रिन’ कादंबरीतले फोटो खरे आहेत की संगणकावर घडवलेले, असं मिरजेहून एका वाचकांनी विचारलंय. खरे आहेत. लेखक रॅन्सम रिग्जने पुस्तकाच्या शेवटी सांगूनच टाकलंय: मोजक्या फोटोंवर किरकोळ हात फिरवलाय, बाकीचे सापडले तसे छापलेत. जुन्या बाजारात खोकीच्या खोकी उपसणाऱ्या दहा संग्राहकांनी ते दिले.

पण फोटो खरा म्हणून त्यातली मुलगी तरंगत होती असं थोडंच? या लबाड्या संगणकाच्या कितीतरी आधीच्या. काळ्या पडद्यापुढे माणूस उभा करून फोटो घेतला, की निगेटिव्हच्या काचेचा तेवढा काळा भाग जवळपास कोराच राहतो. त्याच काचेवर पुन्हा फोटो घ्यायचा. मग एकच माणूस स्वतःशी पत्ते खेळतो, नाहीतर स्वतःचंच मुंडकं हातात धरतो.

बॉस्टनच्या विल्यम ममलरने 1860च्या दशकात यातून धंदाच काढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात घरोघरची माणसं गेलेली. गिऱ्हाइकाच्या मागे मेलेल्या नातलगाची धूसर आकृती उमटवून तो फोटो विकायचा. 1869मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. विरुद्ध साक्ष द्यायला आला कोण, तर पी. टी. बार्नम! माकडाचं धड माशाच्या शेपटीला जोडून केलेली ‘जलपरी’ तिकीट लावून दाखवणारा हा गृहस्थ लबाडीविरुद्ध शपथेवर बोलला. युक्ती कशी चालते ते दाखवायला दुसऱ्या फोटोग्राफरकडून त्याने स्वतःशेजारी लिंकनचं भूतही काढून घेतलं होतं. ममलर मात्र सुटला. पुरावा पुरला नाही. पुढे लिंकनच्या विधवा पत्नीनेच त्याच्याकडे फोटो काढला, आणि नवऱ्याचे हात तिच्या खांद्यांवर उमटले.

मिरजेचा प्रश्न कादंबरीतल्या जेकबलाही पडतोच की. आजोबांनी दाखवलेले फोटो लहानपणी तो खरे मानतो. थोडा मोठा झाल्यावर त्याला युक्त्या दिसायला लागतात: मुलाने उचललेला धोंडा नकली असणार, मुलीला मागच्या काळोख्या दारात कशालातरी टांगलं असणार. रिग्जची हुशारी मला इथे दिसते. त्याचा मूळ बेत नुसत्या फोटोंच्या पुस्तकाचा होता. गोष्ट रचायची वेळ आली तेव्हा त्याने फोटोंचं कच्चेपण झाकलं नाही, ते कामाला लावलं. फोटो सफाईदार असते तर जेकबचा विश्वास उडाला नसता. विश्वास उडाला नसता, तर आजोबांच्या मरणानंतर वेल्सच्या बेटावर जाऊन शोध तरी कशाचा घ्यायचा?

जिथे फोटो हाताशी होता म्हणून प्रसंग घातलाय, तिथे मात्र शिवण उसवते. पांढऱ्या डोळ्यांच्या, ‘वाइट’ नावाच्या खलमंडळींचे फोटो दाखवले जातात, त्यातला सांताक्लॉज भयंकर आहे खरा, पण गोष्ट तेवढा वेळ ताटकळत उभी राहते.

या कादंबरीवर टिम बर्टनचा 2016चा सिनेमाही आहे. ज्यांनी सिनेमाच पाहिलाय त्यांनी पुस्तकही उघडावं. शिशाच्या बुटांनी जमिनीवर राहणारी मुलगी कादंबरीत ऑलिव्ह आहे, एमा नव्हे. एमाच्या हातात आग आहे, आणि सिनेमातल्या या अदलाबदलीवर माझं बरंच भांडण आहे.