पोत्याला हात कुठे घालायचा?

गव्हाणीत मोळी पडली आणि मुळा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की नगर जिल्ह्यातल्या सोनईचे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. साखर कारखान्यात उसाचा रस काढण्यापासून साखर वाळवण्यापर्यंतची कामं यंत्रं कधीपासून करतात. पण साखर पोत्यात भरून तोंड शिवलं, गोदामात थप्पी लावायची वेळ आली, की साखरधंद्यात अजूनही बऱ्याच ठिकाणी हमालाची पाठच लागते.

हे काम अडाणी समजलं जातं, आणि तिथंच चूक होते. पन्नास किलोचं पोतं म्हणजे खोका नव्हे. उचलताना आतली साखर सरकते, मध्येच पोक येतो, एक बाजू जड होते. हमाल पोत्याचे कान धरतो, हलका झोका देऊन वजन कुठं बसलंय ते ओळखतो आणि मगच पाठ वळवतो. थप्पीत खालचं पोतं दबलेलं असेल तर वरचं किंचित आडवं टाकतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. पोती रचणारे रोबोट बाजारात नाहीत असं नाही. मात्र पोतं पट्ट्यावरून सपाट आणि ठरल्या जागी आलं, तरच त्यांचं काम सुरळीत चालतं. विस्कटलेल्या थप्पीतून पोतं ओढून काढायला सांगितलं, की ते अडतात.

या अडण्याचं कारण जुनं आहे. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले सुटे भाग उचलायचं काम त्याच्याकडं होतं. ‘या बिंदूवर जा, पकड, त्या बिंदूवर सोड’ हे त्याचं तत्त्व आजही बहुतेक कारखान्यांत तसंच चालतं. त्यामुळं रोबोटच्या किमतीपेक्षा त्याच्याभोवतीची मांडणी महाग पडते. प्रत्येक भाग एकाच जागी, एकाच कोनात येईल अशी फिक्श्चर, ट्रे आणि फीडर बनवावे लागतात. जॉब बदलला की हा खर्च पुन्हा करायचा. रोज वेगळी ऑर्डर घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपला हे परवडत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या नव्या रोबोट कंपन्यांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला आहे. बंगळुरूची ‘सिन्लर’ हे त्यातलं ठळक नाव. गोकुळ एन. ए. आणि निखिल रामस्वामी यांनी २०१९ मध्ये ती काढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिनं १ कोटी डॉलरचं भांडवल उभं केलं. पेटीत कसेही पडलेले, एकमेकांत अडकलेले, आरशासारखे चकचकीत धातूचे भाग उचलणं हे तिचं लक्ष्य. चकाकी हा इथला मोठा शत्रू, कारण साधा कॅमेरा भागाऐवजी त्यावर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंबच बघत बसतो. म्हणून सिन्लरचा रोबोट लहान मुलासारखा शिकतो: वस्तू धरतो, फिरवतो, आणि हाताळता हाताळता ती ओळखतो. अनोळखी वस्तू उचलायला तो १०-१५ सेकंदांत शिकतो, असा कंपनीचा दावा आहे. प्रयोगशाळेतली ही गती तेल, बुरा आणि तीन पाळ्यांच्या कारखान्यात किती टिकते, हीच खरी परीक्षा ठरेल.

दुसरी वाट आहे ती नमुन्यांची. माणसानं रोबोटचा हात धरून किंवा दुरून चालवून एखादं काम वारंवार करून दाखवायचं आणि यंत्रानं त्यातून ढब उचलायची. भाषेची मॉडेल इंटरनेटवरच्या मजकुरावर वाढली. हाताच्या कामाचा असा साठा आयता कुठंच नाही. २०२३ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून २२ प्रकारच्या रोबोटांच्या दहा लाखांहून अधिक हालचाली एकत्र केल्या. तरी पोत्याचा कान धरणं त्यातून येईलच असं नाही. ते माहीत आहे हमालाला, फिटरला, प्रेस चालवणाऱ्या ऑपरेटरला.

महाराष्ट्र या प्रवासात कोरा नाही. पुण्याच्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स या टाटा मोटर्सच्या उपकंपनीनं २०१७ मध्ये ‘ब्राबो’ हा देशी रोबोट बाजारात आणला. लघुउद्योजक डोळ्यांसमोर होते, म्हणून किंमत पाच ते सात लाखांच्या घरात ठेवली. तो उचलायचा दोन ते दहा किलो. बजाज ऑटोनं २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे माणसाशेजारी काम करणारे यांत्रिक हात आणायला सुरुवात केली. तिच्या चाकणच्या जुळणी विभागात मुलीही काम करतात. तिथल्या जड किंवा कंबर मोडणाऱ्या हालचाली या यांत्रिक हातांकडं गेल्या. तरीही आपली गती बेताचीच. २०२४ मध्ये चीननं सुमारे २ लाख ९५ हजार औद्योगिक रोबोट बसवले, तर भारतानं ९ हजारांच्या आसपास.

नगर जिल्ह्याला यंत्र परकं नाही. कायनेटिकची लुना इथंच बनली. नगर-पुणे रस्त्यावर सुपा एमआयडीसी उभी आहे आणि आयटीआय, डिप्लोमा केलेली गावोगावची मुलं पुढं रांजणगाव-चाकणपर्यंत जातात. त्यांना रोबोट नुसता चालू-बंद करायला नव्हे, तर शिकवायला आला पाहिजे. पाच-सात लाखांचा एक यांत्रिक हात पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये ठेवणं आता कुठल्याही मोठ्या शिक्षणसंस्थेच्या आवाक्याबाहेरचं नाही.

आणखी एक हिशेब मात्र आत्ताच मांडायला हवा. हमालांसाठी महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपचार यांना त्यानं आधार दिला. आता त्याच हमालाच्या हालचाली कॅमेऱ्यानं टिपून यंत्राला शिकवल्या जाणार असतील, तर त्या शिकवणीचे पैसे त्याला मिळायला हवेत. माथाडी मंडळांनी, कारखान्यांनी आणि रोबोट कंपन्यांनी तो दर ठरवावा, आणि तोही गोदामात पहिला कॅमेरा लागण्याआधी.