मेणबत्तीचा वास जातो कुठे?



मागच्या दिवाळीत आपल्या एका गटाने सुगंधी मेणबत्त्यांची ऑर्डर घेतली होती. काचेच्या ग्लासातल्या, सोया मेणाच्या, मोगऱ्याच्या वासाच्या. दिसायला एकदम छान झाल्या होत्या. आठवडाभरात दुकानदाराचा फोन आला, "ताई, झाकण उघडलं की वास येतो, पण पेटवल्यावर काहीच नाही. गिऱ्हाईक परत आणून देतंय." बरेच ग्लास परत आले. सामान गटातल्या कर्जातून आणलेलं, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला.

तेव्हा मी सांगून टाकलं, "तेल दुप्पट टाका." चूक माझीच. पुढच्या मेणबत्त्यांवर तेलाचे थेंब सुटले, वात धूर सोडायला लागली, ग्लास काळे झाले. वास मात्र होता तेवढाच! मग आम्ही सगळ्यांनी बसून एकेक गोष्ट बदलून पाहिली. त्यातून जे कळलं ते सांगते.

वास येतो कुठून?

पेटलेल्या मेणबत्तीचा वास ज्योतीतून येत नाही. ज्योतीभोवती मेण वितळून जे छोटं तळं होतं, त्यातून तो येतो. गरम मेणातलं तेल हळूहळू हवेत उडतं, तोच सुगंध. म्हणजे तळं नीट झालं नाही, तर तेल कितीही असो, वास आतच अडकून राहतो.

१. तेल वजनाने घ्या, अंदाजाने नाही

कणीक जेवढं पाणी पिते तेवढंच पिते, बाकीचं हाताला लागतं. मेणाचंही तसंच. सोया मेणाला साधारण ६ ते १० टक्के तेल चालतं. सुरुवात ६ टक्क्यांनी करा. १ किलो मेणाला ६० ग्रॅम, २०० ग्रॅमच्या ग्लासाला १२ ग्रॅम. पॅराफिन मेणाचं प्रमाण वेगळं असू शकतं. पाकिटावर जास्तीत जास्त किती ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. झाकणाने किंवा चमच्याने मोजू नका, छोटा डिजिटल वजनकाटा वापरा.

आणि तेल मेणबत्तीसाठीचंच आणा. अंगावर मारायचा स्प्रे टाकू नका. त्यात अल्कोहोल असतं, ते भडकतं. गुलाबपाणी टाकलं तर वात तडतडते, कारण पाणी मेणात मिसळतच नाही. खोबरेल तेलातला सुगंधही उपयोगाचा नाही.

२. गरम किती, तेही मोजा

मेण थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं ठेवा. सोया मेण ८० ते ८५ अंशांवर आलं की खाली उतरवा आणि मग तेल घाला. दोन मिनिटं सावकाश, तळापासून ढवळा. आपला गट काय करत होता? तेल घालून भांडं पुन्हा गॅसवर ठेवत होता. घरभर घमघमाट सुटायचा आणि आम्ही खूश व्हायचो. पण अहो, तो वास तर आपल्याला विकायचा होता! आणि मेण फार थंड झाल्यावर घातलं तर तेल नीट मिसळत नाही, तळाशी बसतं. ढवळून झालं की ६० ते ६५ अंशांच्या आसपास ग्लासात ओता. पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

३. वात ग्लासाप्रमाणे निवडा

आमची खरी चूक इथेच होती. रुंद ग्लास आणि बारीक वात. मधोमध विहीर पडायची आणि कडेचं मेण तसंच राहायचं. वात फार जाड घेतली तर ज्योत मोठी होते, काजळी धरते, ग्लास जास्त तापतो. एक सोपा हिशोब आहे: ग्लास जितके इंच रुंद, साधारण तितक्या तासांत मेण कडेपर्यंत वितळायला हवं. एकाच मापाच्या तीन ग्लासांत तीन जाडीच्या वाती लावून बघा, उत्तर समोर दिसतं. पेटवण्याआधी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.

४. मुरू द्या

लोणचं घातल्या दिवशी कुणी विकतं का? सोया मेणबत्तीला मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. पॅराफिनला काही दिवस पुरतात. झाकण लावून, उन्हापासून दूर ठेवा. आम्ही तिसऱ्या दिवशी माल पाठवला होता. म्हणून दिवाळीची ऑर्डर असेल तर दोन आठवडे आधी सगळं ओतून झालेलं हवं.

५. तपासणी दुसरीच्या नाकाने

दिवसभर त्याच वासात काम केल्यावर आपल्या नाकाला तो कळेनासा होतो. दार लावलेल्या खोलीत मेणबत्ती तासभर जळू द्या आणि मग बाहेरून शेजारच्या काकूंना बोलवा. त्या काय म्हणतात ते वहीत लिहा. तारीख, मेण किती, तेल किती, किती अंशांवर घातलं, वात कोणती, हेही लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते समजणार नाही.

हिशोबही बघा. समजा तेल २,००० रुपये किलो आहे. १२ ग्रॅमचे २४ रुपये होतात, दुप्पट टाकलं तर ४८. म्हणजे ग्लासामागे २४ रुपये जास्त घालून आम्ही माल खराब केला. योग्य वात शोधायला मात्र फक्त चार-पाच ग्लास खर्ची पडले.

काम करताना मुलांना लांब ठेवा. मेणाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका, गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवा. आणि ग्लासावर छोटी चिठ्ठी लावा: "पहिल्यांदा पेटवल्यावर मेण कडेपर्यंत वितळू द्या, मगच विझवा." नाहीतर चांगल्या मेणबत्तीतही विहीर पडते आणि बोल आपल्याला लागतो.

त्या गटाने परत आलेल्या ग्लासांतलं मेण वितळवलं, वाती बदलल्या आणि दोन आठवडे थांबून पुन्हा दुकानात नेले. दुकानदाराने आधी एक पेटवून बघितला, मगच बाकीचे ठेवून घेतले. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला आपापली वही घेऊन या. एकीची चूक दुसरीचं नुकसान वाचवते.