खरखर विजेची कीं मापकाची?

नाशिकच्या इंदिरानगरांतील एखाद्या घरीं जुना ट्रॅन्झिस्टर रेडिओ मध्यम लहरींवर लावावा आणि शेजारीं मोबाइलचा चार्जर सुरू करावा. पुष्कळदां खरखर ऐकूं येते. पण तेवढ्यावरून चार्जरची वीज अशुद्ध ठरते काय? नाहीं. रेडिओंतील तारेच्या वेटोळ्यानें ती खरखर हवेंतून टिपलेली असते.

शेजारच्या अंबड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणीं हाच भ्रम महाग पडूं शकतो. यंत्रांवर हुकमत चालविणाऱ्या सर्किट बोर्डांना ३.३ किंवा ५ व्होल्टांची स्थिर वीज लागते. तींतील कांहीं मिलिव्होल्टांचे हेलकावे चिप सहन करते. ते फार वाढले कीं ती चुकूं लागते. म्हणून हे हेलकावे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मोजतात.

ऑसिलोस्कोपच्या प्रोबला एक टोंक आणि सुमारें १५ सेंटिमीटरांची अर्थिंगची तार असते. टोंक, तार व बोर्ड मिळून एक वेटोळें तयार होतें. बदलत्या चुंबकीय क्षेत्रांतील वेटोळ्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. बोर्डावरील पुरवठा सेकंदाला लक्षावधि वेळां वीज तोडतो व जोडतो. त्याबरोबर पडद्यावर उंच कांटे उठतात. पाहणाऱ्यास वाटतें, बोर्ड सदोष आहे. वस्तुतः मापकच रेडिओ झालेला असतो!

याची परीक्षा सोपी आहे. प्रोबचें टोंक व अर्थिंगची तार बोर्डाच्या अर्थिंगवर एकाच बिंदूला टेकवावीं. तेथें शून्य दिसावयास हवें. कांटे राहिलेच, तर ते हवेंतून आलेले समजावे. मग लांब तारेऐवजीं आंखूड स्प्रिंग लावून चिपलगतच्या कपॅसिटरच्या दोन टोंकांवरच मोजावें. अधिक सूक्ष्म मापनासाठीं तेथें आंखूड कोॲक्सिअल केबल डाखावी. ऑसिलोस्कोपमध्यें २० मेगाहर्ट्झची चाळणी असते. ती लावून एकदां व काढून एकदां पाहावें. केवळ चाळणीवर विसंबल्यास खरे कांटेही झांकले जातात, आणि सदोष बोर्ड निर्दोष ठरतो. मात्र ही तार इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली असल्यानें ती २३० व्होल्टांच्या बाजूस कदापि लावूं नये.

नाशिक-पुणें मार्गावरील नारायणगांवाजवळ, खोडद येथें, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींचा समूह आकाशांतील अतिक्षीण लहरी ऐकतो. तेथेंही स्वतःच्या उपकरणांची खरखर ताऱ्यांची वाटूं नये, म्हणून दक्ष राहावें लागतें. मोठी दुर्बीण असो वा हातांतला प्रोब, मोजण्यापूर्वीं आपला मापक शून्यास शून्य म्हणतो कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.