वार्ताहराची ध्वनिपेटी

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव एकेकाळी पाण्यावाचून पोळलेले होते. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदान केले, नाले अडविले, गळका पाझर तलाव दुरुस्त केला, झाडे लावली. तेव्हा कोठे विहिरींना पाणी आले. असे गाव पाहावयास आलेल्या वृत्तपत्राच्या वार्ताहराला वही-पेन्सिल पुरते. आकाशवाणीच्या वार्ताहराचे तेवढ्याने भागत नाही. मोटेच्या जागी आलेल्या पंपाची घरघर, पाटातील पाण्याचा खळखळाट आणि शेतकऱ्याची अस्सल नगरी बोली, हे सारे त्याला श्रोत्यांपर्यंत न्यावयाचे असते.

त्यासाठी खांद्यावर अडकविता येईल असे ध्वनिमुद्रण यंत्र हवे. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टेफान कुडेल्स्की या तरुणाने १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये असे एक यंत्र तयार केले. त्याचे नाव ‘नाग्रा’. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘ध्वनिमुद्रण करील’ असा होतो. पहिला नाग्रा घड्याळाप्रमाणे किल्ली देऊन चाले. किल्ली देण्यास विसरणाऱ्या वार्ताहराची मुलाखत अर्धीच राहत असणार, हे उघड आहे!

या यंत्राचे काम मोठे मौजेचे असे. ध्वनिग्राहक आवाजाच्या कंपनांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करी. तो प्रवाह विद्युत्चुंबकातून जाई. त्या चुंबकासमोरून सरकणाऱ्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा बारीक थर असे. त्याचे कण आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमीअधिक चुंबकित होत. फीत पुन्हा सरकविली की तोच आवाज उमटे. फीत पुष्कळदा सेकंदाला १९ सेंटीमीटर वेगाने धावे. म्हणजे पाच सेकंदांचे वाक्य फितीवर जवळजवळ एक मीटर लांब होई.

उघड्या माळावर वारा हा ध्वनिमुद्रणाचा मोठा शत्रू असतो. म्हणून ध्वनिग्राहकावर मऊ टोपी चढवितात. चतुर वार्ताहर मुलाखत संपल्यावर सर्वांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती त्या जागेची शांतताही मुद्रित करून घेतो. पुढे जोडकामाला ती उपयोगी पडते.

खरी जोखीम या जोडकामातच असते. पूर्वी नको तेवढी फीत पात्याने तिरपी कापून दोन्ही टोके चिकटवीत. समजा, एखादा शेतकरी म्हणाला, “एका पावसाने हे झाले नाही.” त्यातील ‘नाही’ हा शब्द फितीवर अर्ध्या वितीएवढा! तेवढा तुकडा कापला, की शेतकरी आपल्याच आवाजात खोटे बोलू लागे, आणि गावाने वर्षानुवर्षे उपसलेले कष्ट एका पावसाच्या नावावर जमा होत.

डिसेंबर २०१३ मध्ये अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठी गावातच उपोषणास बसले, तोवर फितीचा जमाना सरला होता. आताचे मुठीत मावणारे यंत्र आवाजाचे एका सेकंदात ४८,००० वेळा मोजमाप करते आणि ते आकडे नखाएवढ्या पट्टीत साठविते. कापलेली फीत निदान मेजावर पडून राही. आकडे पुसले, तर मागे काहीच उरत नाही. म्हणून काळजी घेणारा वार्ताहर आधी मूळ मुद्रणाची प्रत काढतो, आणि काटछाट करावयाची ती त्या प्रतीवरच करतो.