जांभ्याच्या भिंती आणि घरातील वायफाय

हर्णे बंदराच्या बाजारपेठेतील जुने व्यापारी घर डोळ्यांपुढे आणावे. दर्शनी भागी दुकान, त्यामागे कोठार, मधे माजघर, शेवटी स्वयंपाकघर. वर माडी, आणि भिंती जांभ्या दगडाच्या, हात-हातभर रुंद. या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या वैशाखात गारवा दिला आणि आषाढात समुद्राचा वारा अडवला. आता त्या वायफायही अडवू लागल्या आहेत.

एरवी ही अडचण फार जाणवत नाही. दुकानातील क्यूआर कोडवर आलेले पैसे मोबाइलच्या जाळ्यावर कळतात. पण पर्युषणात घराचे सारे लक्ष माडीकडे लागते. तेथे आजींची अठ्ठाई सुरू असते. मुंबईची लेक आणि पुण्याची नात यांना येता येत नाही, म्हणून संवत्सरीच्या दिवशी त्या व्हिडिओ कॉलवर क्षमापना करतात. आणि नेमके ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतानाच चित्र थिजते, आवाज तुटतो. खालून मुलगा हाक मारतो, “आई, खाली ये ना, इथे पूर्ण दिसतंय!” वरून उत्तर येते, “आठव्या उपवासाला जिना उतरवतोस होय रे?”

मग दोष सेवा देणाऱ्या कंपनीला, नाहीतर आजींच्या जुन्या मोबाइलला दिला जातो. महिन्याला जास्त पैसे भरून वेग वाढवून घेतला जातो. माडीवर फरक शून्य. रस्त्यावरून घरात येणारे इंटरनेट ही एक गोष्ट आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतची बिनतारी वाट ही दुसरी, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. मोबाइलच्या पडद्यावरील पट्ट्या केवळ दुसऱ्या वाटेची स्थिती दाखवतात. म्हणून कधी पट्ट्या पूर्ण असूनही काही उघडत नाही, तर कधी इंटरनेट उत्तम असूनही पट्टी एकच. संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तेथे वेग चांगला असेल, तर दोष घरातल्या घरात आहे. कंपनीशी भांडण्यात दुपार घालवू नये.

वायफायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ साली ठरले. आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत लहरी सोडतात. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारी, २.४ची मंद, परंतु अधिक दूर पोहोचणारी. त्यातच जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, आणि पाणी या लहरी शोषून घेते. चैत्रात कशीबशी चालणारी जोडणी भाद्रपदात रुसते, त्याचे एक कारण हे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पत्र्याचे छत आणि भरलेली टाकी हेही वाटेतले अडथळेच.

बसवणारा कारागीर राउटर कोठे लावतो? तार जेथून घरात शिरते तेथे. म्हणजे बहुधा दुकानाच्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरशेजारी. घाई त्याला असते, त्रास घराला होतो. राउटर माजघरात जिन्याजवळ उंचावर हलवला, तरी अर्धे काम होते. जिन्याची मोकळी जागा लहरींना दाराचे काम करते. यानंतर लोक रिपीटर आणतात आणि जेथे पट्टी दिसत नाही अशा खोलीत लावतात. तेथेच गफलत होते. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर निम्म्या वाटेवर हवा, आणि साधा असेल तर तो वेगही जवळजवळ निम्मा करतो. जांभ्याच्या घरात खरा उपाय जुन्या वळणाचा आहे: माडीपर्यंत एक लॅन केबल न्यावी आणि वर दुसरे यंत्र बसवावे. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते; हर्ण्यातले कोणते घर त्याहून लांब असणार!

विजेचा प्रश्न वेगळा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यात विजेचे खांब आडवे केले. त्या दिवसांत अनेक गावांत वीजही नव्हती आणि मोबाइलही मुके होते. अशा आपत्तीपुढे कोणतेही यंत्र अपुरे. मात्र रोजच्या तासाभराच्या खंडासाठी राउटरचा लहान यूपीएस पुरतो. जीएसटीचे ३बी विवरण २० तारखेला भरताना त्याची किंमत कळते. गडगडाट सुरू झाला की राउटरचे बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो. फायबरचा काचेचा तंतू वीज वाहून आणत नाही. पण प्लगमधून आलेला झटका तांब्याच्या लॅन केबलवाटे दुकानाच्या संगणकापर्यंत जाऊ शकतो.

ग्राहकाने पासवर्ड मागितला तर नाही म्हणणे व्यापाऱ्याच्या जिवावर येते. त्यासाठी राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचे वेगळे जाळे सुरू करता येते. मग बिलांचा संगणक आणि कॅमेरे पाहुण्यांपासून दूर राहतात. सामायिकाच्या ४८ मिनिटांत माडीवरचे यंत्र बंद ठेवायचे असेल, तर तेही वेगळे असल्याने खालचे दुकान अडत नाही. आजींना हा फायदा वेगापेक्षा अधिक पटण्याजोगा आहे.

तार भिंतीबाहेरून न्यायची झाल्यास ते काम पावसाआधी, वैशाखात उरकावे. छिद्र आतून बाहेर उतरते पाडावे आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली एक झोळ द्यावा; पाणी त्या झोळावरून अंगणात ठिबकते, माजघरात येत नाही.